पक्ष्माभिका आणि कशाभिका : केस म्हणावं की आसूड?

प्रश्न : मी पुण्यात नववीला जीवशास्त्र शिकवते. काल एका मुलीने ‘पक्ष्माभिका’ हा शब्द ‘पक्षाभिका’ असा वाचला आणि विचारलं, “बाई, यात पक्षी कुठून आला?” फळ्यावर फोड करायला गेले आणि माझाच खडू थांबला. पेशीवरच्या केसासारख्या बारीक धाग्याच्या या नावाची फोड कशी करायची? आणि कशाभिका, म्हणजे पेशीचा लांब शेपटीसारखा धागा, त्याहून वेगळी का मानायची?

उत्तर : ताई, पक्ष्याचा इथे काही संबंध नाही. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. दाट पापण्यांच्या डोळ्यांना ‘पक्ष्मल’ म्हणतात, त्यातलाच हा शब्द. त्याला ‘आभ’, म्हणजे ‘सारखा दिसणारा’, जोडला आणि छोटेपणा दाखवायला ‘इका’. कशा म्हणजे चाबूक, म्हणून कशाभिका. लॅटिनमध्येही सिलियम (पक्ष्माभिका) पापणीवरून आणि फ्लॅजेलम (कशाभिका) चाबकावरून आलेले आहेत.

दोन शब्द झाले ते बाहेरच्या रूपावरून. पॅरामेशियम या एकपेशी जीवाच्या अंगभर आखूड पक्ष्माभिका असतात, क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाला दोनच लांब कशाभिका. आडवा छेद घेतला तर मात्र दोन्हींत एकच नक्षी दिसते : कडेने सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे प्रथिनांच्या अतिबारीक नळ्यांच्या, 9 जोड्या आणि मधोमध 2 सुट्या नलिका. डायनीन नावाची प्रथिनं शेजारच्या जोडीला धरून सरकवायला बघतात. जोड्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने सरकण्याऐवजी वाक येतो.

आता माझी तक्रार. दोन्ही नावं शिकवताना थोडी फसवतात. केस मुळाशी वाढतो, पक्ष्माभिका टोकाशी वाढते. तिच्यात प्रथिनं बनवायची सोय नाही. पेशीत तयार झालेलं ट्यूब्युलिन, म्हणजे या नलिका ज्याच्या बनतात ते प्रथिन, कायनेसिन नावाचे वाहक नलिकांवरून टोकापर्यंत नेतात आणि वापरून झालेला माल डायनीन परत आणतं. ही ये-जा 1993 साली क्लॅमिडोमोनासमध्येच प्रथम दिसली. त्याची कशाभिका तुटली तर साधारण दोन तासांत पुन्हा पूर्ण वाढते. आसुडाचंही तसंच. लक्ष्मी रोडवर पोतराज आसूड उडवतो तेव्हा सगळा जोर त्याच्या मनगटातून येतो, दोरी बिचारी मागून जाते. कशाभिकेत जोर लावणारी डायनीनं बुडख्यापासून जवळजवळ टोकापर्यंत बसवलेली असतात. मुलांना पोतराज जरूर सांगा, पण एवढा फरक सांगूनच.

दुसरं उत्तर : मला ‘कशाभिका’ या शब्दाची खरी अडचण जिवाणूंपाशी वाटते. जिवाणूच्या शेपटीलाही आपण हेच नाव देतो, पण तिच्यात ना सूक्ष्मनलिका ना डायनीन. फ्लॅजेलिन या प्रथिनाची ती पोकळ, नागमोडी दोरी बुडाच्या मोटरीवर गरगर फिरते, चाबकासारखी वळवळत नाही. माझं मत स्पष्ट आहे : वर्गात ‘जिवाणूची कशाभिका’ असं पूर्णच म्हणावं, सुटं ‘कशाभिका’ म्हणू नये. उत्तरपत्रिकांत या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली मी दरवर्षी पाहतो.

प्रश्नकर्ती : दोघांचे मनापासून आभार. आज फळ्यावर पक्ष्म + आभ + इका लिहिलं. श्वासनलिकेचं उदाहरण दिलं : सिंहगड रस्त्याची धूळ शेंबडात अडकते आणि पक्ष्माभिका ती लाटेलाटेने घशाकडे वर ढकलतात. एका मुलाने विचारलं, सगळ्या पक्ष्माभिका हलतातच का?

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलाय त्याने. आपल्या शरीरातल्या बऱ्याच पेशींवर एकच, न हलणारी पक्ष्माभिका असते. तिला ‘प्राथमिक पक्ष्माभिका’ म्हणतात. तिच्यात सहसा मधल्या 2 नलिका नसतात आणि ती बाहेरची खबर घेते. मूत्रपिंडाच्या नलिकांत ती बिघडली तर तिथे पाण्याच्या गाठी होऊ शकतात. आणि डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशींचा प्रकाश टिपणारा भाग हीसुद्धा बदललेली पक्ष्माभिकाच. पापणीवरून जिला नाव मिळालं ती पापणीआड डोळ्यातही बसली आहे, हे त्या मुलीला नक्की सांगा.