मदत हवी आहे: ‘इरिनी’ हे ग्रीक नाव

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीचा नवरा ग्रीक, दोघं थेसालोनिकीला असतात. मुलगी झाली. आजीचं नाव नातीला ठेवायचं हा तिकडचा जुना रिवाज, म्हणून ‘इरिनी’ ठरलंय. बारसं मात्र पुण्यात, आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात.

नावाचा अर्थ शांती. ग्रीक पुराणात इरिनी ही झ्यूस आणि थेमिसची मुलगी, ऋतूंच्या तीन देवतांपैकी एक. अथेन्सला तिचा पुतळा होता, कडेवर बाळ प्लूटोस, म्हणजे संपत्ती. शांतता असेल तिथेच लक्ष्मी नांदते, हे त्यांनाही पटलेलं दिसतं! सँटोरिनी बेटाचं नावही संत इरिनीवरून आलंय. याच नावाच्या सम्राज्ञीने ७९७ ते ८०२ बायझंटाइन साम्राज्यावर एकटीने राज्य केलं. त्यासाठी पोटच्या मुलाचे डोळे काढवले, पण हे बारशात कुणी काढू नये.

आता प्रश्न. ग्रीसमध्ये राहिलेलं कुणी आहे का इथे? आजच्या मुलींमध्ये हे नाव चालतं, की आजीबाईंचंच वाटतं? भाचीला विचारलं तर ती सासूबाईंसमोर काय बोलणार! पत्रिकेत ‘इरिनी’च छापू ना? वसईची शेजारीण म्हणते, ‘आयरीन’ लिहा, लोकांना ओळखीचं वाटेल. मला ते पटत नाही. शिवाय ५ मे हा संत इरिनीचा दिवस, त्या दिवशी या नावाच्या बाईला काय भेट देतात?

आणि कानात कुर्र करायला ग्रीक आत्या येणार आहे. तिला ते कसं शिकवायचं, तेही सुचवा.