गाणी गाजली म्हणून पुस्तकंही छापायची का?

फिरस्ता_लेस्टर: मंडळी, इकडे यूकेत मुलांच्या पुस्तकांच्या दुकानात दर्शनी टेबलावर बघावं तर टीव्हीतले नाहीतर बँडमधले चेहरे. प्रकार जुनाच म्हणा, २००३ मध्ये पॉपगायिका मॅडोनाने 'द इंग्लिश रोझेस' हे मुलांचं पुस्तक काढलं, एकदम शंभरावर देशांत, आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलांच्या यादीत थेट पहिला नंबर. आत काय? चार मैत्रिणी एका सुंदर मुलीवर जळतात, परी येऊन दाखवते की बिचारीला आई नाही, घरचं सगळं तीच करते, की चौघी लगेच शहाण्या. एखाद्या नवख्या लेखिकेने हेच पाठवलं असतं तर कुणी उत्तर तरी दिलं असतं का? विकलं जातंय ते नाव, आणि जागा जाते ती वर्षानुवर्षं मुलांसाठीच लिहिणाऱ्यांची.

दोन_पोरांची_आई: दादा, मॅडोना म्हणजे सोपी शिकार झाली हो. मॅकफ्लाय बँडचा टॉम फ्लेचर घ्या ना. त्याने आणि त्यांच्या बेसिस्टने, डगी पॉइंटरने मिळून शी करणाऱ्या डायनासोरची पुस्तकं लिहिलीत, पहिलं २०१२ चं. डायनासोर ख्रिसमसचं दिसेल ते गिळतो आणि मग सगळं मागच्या बाजूने परत येतं, बास एवढीच गोष्ट, पण सगळी यमकात आणि मोठ्याने वाचताना ठेका कुठे म्हणजे कुठे तुटत नाही. आमच्याकडे झोपायच्या वेळी धाकटा पुढचा शब्द माझ्या आधी ओरडतो. गाणी लिहून लिहून हात बसलाय त्याचा, ते दिसतंच की.

खवचट_खान: लिहितो चांगलं, मान्य. पण वर्ल्ड बुक डेचं काय? शाळेतून पोरांना एक पौंडाचं टोकन मिळतं, त्यात ठरलेल्या यादीतलं एक छोटं पुस्तक फुकट. २०१८ च्या यादीत फ्लेचर, वर टीव्ही निवेदिका क्लेअर बाल्डिंग, विनोदवीर ज्युलियन क्लॅरी, टीव्हीवरच्या 'बेक ऑफ' या बेकिंग स्पर्धेतली नादिया हुसेन. बऱ्याच लेखकांनी तेव्हा बोंब ठोकली होती आणि बरोबर होतं त्यांचं. ज्याला जाहिरातीची गरजच नाही त्यालाच अख्ख्या देशातल्या शाळांत फुकट जाहिरात!

दोन_पोरांची_आई: अहो पण ज्या घरात पुस्तकच येत नाही तिथलं पोर ओळखीचं नाव बघूनच हात लावणार ना?

खवचट_खान: लावतं. आणि पुढचं पुस्तकही त्याच नावाचं मागतं. काय फायदा?

शाई_आणि_ब्रश: कुणी लिहिलं यावर एवढी हाणामारी, पण त्या डायनासोरची चित्रं गॅरी पार्सन्सची आहेत हे दोघांनीही सांगितलं नाही. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते राव. सारा मॅकिंटायर या चित्रकर्तीने याच्यावर अख्खी मोहीम चालवली, की चित्रकाराचं नाव कव्हरवर, याद्यांत, बातम्यांत सगळीकडे द्या. सेलिब्रिटीचं नाव एवढं मोठं छापतात की बाकीच्यांना कव्हरवर जागाच उरत नाही, माझा खरा राग तिथे आहे.

निवांत_काका: आणि रिचर्ड कोल्स कुठल्या खात्यात? १९८६ ला कम्युनार्ड्स या पॉप बँडमध्ये असताना यूकेत नंबर वन गाणं, २००५ ला चर्चमध्ये दीक्षा घेऊन पाद्री, २०२२ पासून रहस्यकथा, त्यातला नायकही गावातला पाद्रीच. देवळाच्या कमिटीत भांडणं कशी होतात तसं त्यात चर्चमध्ये टॉयलेट बसवायचं की नाही यावरून गाव पेटतं. असलं बारीक माणूस तिथे राहिल्याशिवाय लिहू शकत नाही. पॉपस्टार असण्याचा इथे काडीचा उपयोग नाही, पाद्री असण्याचा भरपूर.

फिरस्ता_लेस्टर: काका, बिनतोड. पण प्रकाशकाने फोन उचलला तो रेडिओ-टीव्हीवरचा ओळखीचा माणूस म्हणूनच की. तेवढंच लिहिणाऱ्या दुसऱ्या कुठल्या गावच्या पाद्रीबुवांचं हस्तलिखित पडलंच असतं टेबलाखाली.

निवांत_काका: पडलं असतं, पण म्हणून कोल्सचं पुस्तक वाईट होत नाही ना?

लायब्ररीवाली: जाता जाता एक कामाचं. यूकेत लायब्ररीतून पुस्तक गेलं की लेखकाला दर वेळी काही पेनी मिळतात, पण वर्षाला कमाल ६,६०० पौंड, त्याच्यावर पुस्तक लायब्ररीतून कितीही वेळा जाऊ दे, दमडी नाही. तेव्हा फ्लेचर आणि कोल्स लायब्ररीतून आणा आणि विकत घ्यायचे पैसे ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्यावर घालवा. आमच्या ब्रांचला डायनासोरला वेटिंग आहे पण, आत्ताच सांगून ठेवते.