सासूबाईंसाठी ड्युटीचे तास निम्मे करायचेत, ईएसआय-पीएफ आणि बाकी योजनांचं काय होईल?

कुपवाडची_ताई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय. कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, कायम, ९ वर्षं झाली. सासूबाई ७२ वर्षांच्या, पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. नाकातनं नळी आहे, दर दोन तासांनी कूस बदलायला लागते नाहीतर पाठीला जखमा होतात. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर, त्यांना ना पीएफ ना ईएसआय (कामगारांचा सरकारी दवाखाना विमा), महिन्याला १४,००० धरा. दोन पोरं, मोठी नववीत. इतके दिवस नणंद येऊन राहिली पण तिचंही घर आहे, किती दिवस राहणार.

माझा पगार १८,२०० ग्रॉस, त्यात बेसिक-डीए १३,०००. कंपनी म्हणते एकतर रोज ४ तास या, नाहीतर आठवड्यात ३ दिवस फुल शिफ्ट करा, पगार दोन्हीकडे निम्मा. एचआरच्या एका साहेबांनी हळूच तिसरंच सुचवलं की राजीनामा द्या आणि ठेकेदाराच्या पेरोलवर ४ तासांनी परत या, कागदोपत्री सोपं पडतं म्हणे. ईएसआयचं कार्ड आम्हा चौघांना आहे तेवढंच, ते जाईल का? पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) कमी होईल का? आणि पगार निम्मा झाल्यावर रेशन, लाडकी बहीण वगैरे कशात बसू का? इथे कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा, ऑफिसात प्रत्येकजण वेगळंच सांगतोय.

पेरोलवाला_मिरज

ताई, मी लेबर कन्सल्टंटकडे आहे, रोज हेच काम. आधी एक गोष्ट, पगार निम्मा झाला म्हणून ईएसआय जात नाही. मर्यादा वरची आहे, २१,००० ची, खाली आल्याने काही बिघडत नाही. तुमचे ०.७५ टक्के कापतात ते १३७ वरनं ६९ वर येतील आणि दवाखाना, औषधं, ॲडमिशन सगळं चौघांना आहे तसंच राहील. कमी होईल तो फक्त पैशातला फायदा. म्हणजे तुम्ही स्वतः आजारी पडलात तर ७० टक्के मिळतात ते निम्म्या पगारावर मिळतील. आणि ती आजारपणाची रजा स्वतःच्या आजारपणालाच असते हां, सासूबाईंसाठी नाही. कुणी सर्टिफिकेट आणून देतो म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका.

आता खरी मेख, तास कमी करा पण दिवस कमी करू नका. ईएसआयचे पिरियड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, त्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली तर पुढच्या पिरियडला आजारपणाचे पैसे मिळतात. आठवड्याला ३ दिवस म्हणजे २६ आठवड्यांचे बरोब्बर ७८. सासूबाईंना अचानक ॲडमिट करायला लागलं आणि तुमच्या दोन-चार बिनपगारी पडल्या की गेलं. ग्रॅच्युइटीला तर वर्षाला २४० दिवस भरावे लागतात, ३ दिवसाच्या हिशोबाने तुमचे १५६ होतात, सणाच्या आणि पगारी सुट्ट्या धरल्या तरी पुरत नाहीत. रोज ४ तास गेलात तर तो दिवस पूर्ण हजेरीचा, दोन्हीकडे तुम्ही सुरक्षित.

दुसरं, ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर काढतात. १३,००० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे ७,५००, गुणिले ९ वर्षं, ६७,५०० होतात. निम्म्या पगारावर असताना नोकरी सोडली तर जुनी फुल पगाराची वर्षंसुद्धा ६,५०० वरच धरली जाणार, ३३,७५०. आधीचा जास्त पगार धरायची सोय कायद्यात फक्त कामगार स्वतः अपंग होऊन कमी पगारावर गेला तर आहे, घरच्या आजारपणाला नाही. म्हणून कधी सोडायची वेळ आलीच तर आधी फुल टाइमवर परत या आणि मग सोडा.

पीएफ तुमचा १,५६० चा ७८० होईल, कंपनीचाही तेवढाच. पेन्शनचं आत्ता टेन्शन नको, ती शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीवर बसते. तुमची पोरगी नववीत म्हणजे पेन्शनच्या ५८ वयाला अजून वेळ आहे. पंचावन्नच्या माणसाने तास कमी केले असते तर मी दहा वेळा विचार करा म्हणालो असतो.

आणि ठेकेदाराचं अजिबात ऐकू नका. राजीनामा दिलात तर ६७,५०० आत्ता हातात पडतील हे खरं, पण कायमपणा गेला, ग्रॅच्युइटीची वर्षं शून्यापासून आणि फुल टाइम परत मागायला तोंड राहणार नाही.

सेतू_तासगाव

सेतू केंद्र चालवतो, योजनांचं सांगतो. ताई राग मानू नका पण पगार निम्मा झाला म्हणून सरकारकडनं काही सुरू होईल ही आशा धरून हिशोब करू नका. तुमचे वर्षाचे १,०९,२०० आणि मिस्टरांचे १,६८,०००, म्हणजे २,७७,२००. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख. केशरी कार्ड एक लाखापर्यंत, त्यातही धान्याच्या प्राधान्य यादीला शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,०००. सासूबाईंना श्रावणबाळ म्हणाल तर कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, वर्षाचं! दोन माणसं कमावती असलेल्या घराला यातलं काही लागू होत नाही, आणि घरी बसून म्हाताऱ्या माणसाचं करणाऱ्याच्या नावाने आपल्याकडे पैसे येत नाहीत. केरळात आश्वासकिरणम म्हणून योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये, रक्कम छोटी आहे पण निदान ते काम आहे असं तरी धरलंय. इथे बायका वर्षानुवर्षं करतात आणि कागदावर त्यांचं काहीच नसतं, रोज समोर बघतो म्हणून बोललो.

दाखल्याचं एक लक्षात ठेवा, उत्पन्न आर्थिक वर्षाचं धरतात, मागच्या वर्षाचं. आज पगार कमी झाला तरी दाखल्यावर जुनाच आकडा येणार.

पण हे नक्की करा, सासूबाईंचं ७० वर्षांवरचं आयुष्मान वय वंदना कार्ड. ५ लाखाचं, उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं. फक्त ॲडमिट झाल्यावरच उपयोग, घरचं फिजिओ, डायपर, नळीचा खर्च त्यात नाही. आणि मुलगी पुढे इंजिनिअरिंग वगैरे गेली तर ८ लाखाच्या आत उत्पन्न असल्यावर आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींची शिक्षण फी माफ आहे, उत्पन्नाच्या अटीत तुम्ही आत्ताही बसता.

कराडची_वहिनी

ताई मी यातनं गेलेय म्हणून विचारते, मिस्टर का नाही कमी करत? ज्याला ईएसआय-पीएफ आहे त्याचीच नोकरी आपण आधी मोडतो, कारण ती बाई असते. तुमच्या कार्डावर चार माणसं आहेत, मिस्टरांच्या नोकरीवर शून्य. आमच्यात मिस्टर दुकानात कामाला होते, त्यांनी सकाळची वेळ सोडली आणि मी फुल शिफ्ट चालू ठेवली. सासऱ्यांचं अंग पुसणं, दाढी, कपडे बदलणं सगळं त्यांनीच केलं, गल्लीत लोकं बोलली, बोलू दे. तुमच्या सासूबाईंना मुलाकडनं करून घ्यायला अवघड वाटेल हे समजतंय, पण नळीतनं भरवणं, कूस बदलणं हे मुलगा करू शकतो की. टेम्पोवाल्याला एक खेप कमी करता येते.

आणि सोसायटीचं कर्ज आहे का? मला त्याचाच फटका बसला होता. पगार निम्मा झाला म्हणून हप्ता निम्मा होत नाही.

कुपवाडची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. हो वहिनी, कामगार सोसायटीचं कर्ज आहे, ३,२०० हप्ता. ९,१०० तनं पीएफ, ईएसआय आणि हप्ता गेला की ५,०५१ हातात राहतात, आत्ताच मांडून बघितलं. मिस्टरांशी रात्री बोलते, दुपारची खेप ते सोडू शकतात असं वाटतंय, मग मला कदाचित ६ तास करता येतील. पेरोलवाले दादा, सासूबाई माझ्या ईएसआयमध्ये बसतात का? आणि कंपनीला अर्ज कसा लिहू?

पेरोलवाला_मिरज

६ तास जमले तर फारच चांगलं, पगार १३,६५० च्या आसपास राहील. सासूबाईंचं म्हणाल तर ईएसआयच्या जुन्या कायद्यात फक्त कामगाराचे स्वतःचे आई-वडील होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा कोडमध्ये महिला कामगाराच्या कुटुंबात सासू-सासरे धरलेत, उत्पन्नाची मर्यादा ठेवून. ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. सोसायटीला हप्त्याची मुदत वाढवून मागा, पगार कमी व्हायच्या आधीच, नंतर थकबाकीदार म्हणून बोलण्यापेक्षा ते बरं.

कंपनीच्या अर्जात एवढं यायलाच पाहिजे: कौटुंबिक आजारपणामुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तात्पुरते रोज ६ तास, सेवा अखंड राहील, कायम कामगार म्हणून दर्जा तोच आणि मुदत संपल्यावर मूळ पगारावर पूर्ण वेळ. तारीख टाकल्याशिवाय देऊ नका. मंजुरी तोंडी चालणार नाही, लेटरहेडवर सही-शिक्का घ्या, आणि पहिल्या महिन्याच्या स्लिपवर हजेरीचे दिवस पूर्ण दाखवलेत का ते तपासा. बऱ्याच ठिकाणी कमी तासाचा माणूस अर्धा दिवस म्हणून लावतात आणि वर्षाअखेर २४० भरत नाहीत. तसं दिसलं तर त्याच महिन्यात दुरुस्त करून घ्या.