गाळा असेंडिंग, तारीख डिसेंडिंग: इंडेक्स असूनही फाइलसॉर्ट का?

ऐरोलीकर:
वाशी एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या आवकीच्या नोंदी मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये आहेत. स्क्रीनवर गाळे चढत्या क्रमाने आणि प्रत्येक गाळ्याची ताजी आवक आधी हवी आहे: ऑर्डर बाय गाळा, तारीख डिसेंडिंग, लिमिट ५०. (गाळा, तारीख) असा इंडेक्स आहे, तरी एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारा आदेश) 'युजिंग फाइलसॉर्ट' येतं, म्हणजे ओळी इंडेक्सच्या क्रमाने न मिळता वेगळ्या सॉर्ट होतात. दोन्ही कॉलम डिसेंडिंग केले की मात्र 'बॅकवर्ड इंडेक्स स्कॅन' येतं आणि फाइलसॉर्ट जातो. असं का?

घोडबंदर_डीबीए:
कारण इंडेक्स उलटा वाचला की सगळेच कॉलम उलटतात, एकटी तारीख उलटत नाही. तुमच्या इंडेक्सात गाळा ११ च्या ५, ६, ७ तारखा आणि मग गाळा १२ च्या ५, ६, ७ आहेत. शेवटाकडून वाचलं तर १२ च्या ७, ६, ५ येतील, नंतर ११ च्या. तुम्हाला ११ आधी हवा, पण त्याच्या तारखा ७, ६, ५ अशा. तो क्रम यात नाहीच, म्हणून ५० ओळींसाठी अख्खं टेबल वाचलं जातं.

(गाळा, तारीख डिसेंडिंग) असा नवा इंडेक्स करा. 'एकाच गाळ्याची ताजी आवक' ही क्वेरी दोन्ही इंडेक्सांवर तितकीच नीट चालते, तेवढ्यासाठी जुना ठेवू नका. पण लगेच ड्रॉप करू नका, आधी इनव्हिजिबल करून (म्हणजे इंडेक्स राहतो, पण क्वेरी तो वापरत नाहीत) काही दिवस स्लो क्वेरी लॉग बघा.

सर्व्हर खरंच ८.० आहे ना, तेही तपासा. ५.७ डिसेंडिंग लिहिलेलं मुकाट्याने स्वीकारतं आणि इंडेक्स असेंडिंगच बनवतं. शो इंडेक्समध्ये कोलेशनखाली 'डी' (डिसेंडिंग) दिसलं पाहिजे.

कळवा_पोस्टग्रेस:
पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसात १३ पासून इन्क्रिमेंटल सॉर्ट (तुकड्या-तुकड्याने सॉर्ट) आहे. जुन्याच इंडेक्सवर गाळ्यांचा क्रम मिळतो आणि फक्त त्या-त्या गाळ्यातल्या तारखा सॉर्ट होतात, त्यामुळे पहिले काही गाळे वाचूनच ५० ओळी भरतात. तिथे घोळ होतो तो नलचा (रिकाम्या मूल्यांचा). डिसेंडिंगमध्ये नल आधी येतात. क्वेरीत नल्स लास्ट लिहिलंत तर इंडेक्समध्येही तेच लिहा, नाहीतर सॉर्ट परत येतो.

ऐरोलीकर:
फाइलसॉर्ट गेला! पण एकाच गाळ्यावर एकाच तारखेला दोन ट्रक उतरले, तर पुढच्या पानावर कधी नोंद दुसऱ्यांदा दिसते, कधी गायब होते.

घोडबंदर_डीबीए:
तारीख सारखी असेल तर त्या दोन ओळींचा क्रम ठरलेला नसतो. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी घाला. इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) प्रायमरी की, म्हणजे इथे आयडी, प्रत्येक दुय्यम इंडेक्सच्या शेवटी असेंडिंग जोडतंच, म्हणून आयडी असेंडिंग फुकटात मिळतो. डिसेंडिंग हवा असेल तर तो इंडेक्समध्ये स्पष्ट लिहावा लागेल.

ऑफसेटही (अमुक ओळी सोडून पुढचं पान आणणं) सोडा, त्यात मागच्या सगळ्या ओळी वाचून टाकून दिल्या जातात. शेवटची ओळ धरून पुढे जा: गाळा > ११, किंवा गाळा = ११ आणि तारीख < शेवटची, किंवा दोन्ही तेच आणि आयडी > शेवटचा. (गाळा, तारीख, आयडी) > (...) अशी एकत्र तुलना इथे लावू नका. दिशा वेगळ्या असल्यामुळे ती चुकीच्या ओळी आणते आणि एररही देत नाही.