जर्मन सासू-सासऱ्यांना पहिल्यांदा महाराष्ट्र दाखवायचाय, प्लॅन बघून सांगा प्लीज

नेकरकाठची:
नमस्कार मंडळी. मी मूळची पुण्याची, गेली नऊ वर्षं स्टुटगार्टला, नवरा जर्मन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासरे पहिल्यांदाच भारतात येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास, चालायला चांगले आहेत पण सासऱ्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एकूण १४ दिवस आहेत. माझा प्लॅन असा, शुक्रवारी मध्यरात्रीनंतर एक वाजता मुंबईत उतरायचं, तिथून गाडीने थेट पुणे, आईकडे. शनिवार पुणे, रविवारी संध्याकाळपर्यंत संभाजीनगर, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, बुधवारी परत पुणे, गुरुवारी गाडीने मालवण, तिथे तीन दिवस, मग गोवा दोन दिवस आणि शेवटी मुंबई. मला स्वतःला इतक्या वर्षांत सगळं बदललेलं वाटतं, आम्ही आलो की आईच्याच घरी असतो, त्यामुळे परदेशी पाहुण्यांना घेऊन फिरायला काय लागतं ते खरंच माहीत नाही. पैसे, पाणी, हॉटेल, जे सुचेल ते सांगा. त्यांना ही ट्रिप मनापासून आवडावी असं फार वाटतंय.

लेणीवाला_संभाजीनगर:
ताई, सगळ्यात आधी हे वाच आणि मगच बाकीचं बुकिंग कर. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं. तू नेमके तेच दोन वार धरलेत, म्हणजे एवढ्या लांबून येऊन दोन्ही ठिकाणी गेटवरून परत. माझ्याकडे दरवर्षी अशी दोनतीन कुटुंबं येतात आणि त्यांचे चेहरे बघवत नाहीत. मंगळवारी संध्याकाळपर्यंत इकडे पोच, बुधवारी अजिंठा, गुरुवारी वेरूळ.

आता अजिंठ्याचं सांगतो कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शहरापासून साधारण १०० किलोमीटर आहे, अडीच तास तरी धर, सकाळी सातला निघा. स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरजवळ टी पॉइंटला ठेवायची आणि तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीची बस. बसमधून उतरलं की तिकीट, आणि मग पायऱ्या. ह्या सुरुवातीच्या पायऱ्याच गुडघ्याला त्रास देतात, एकदा वर पोचलं की लेण्यांसमोरून वाट बऱ्यापैकी आहे, मधेमधे चढउतार आहेत. खाली डोलीवाले असतात, चार माणसं खुर्चीत बसवून नेतात, सासऱ्यांना संकोच वाटेल पण आधीच सांगून ठेव की हे तिथे रोजचंच आहे, भाडं मात्र बसायच्या आधी ठरव. तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पासपोर्टला ६००, तेही सांगून ठेव म्हणजे तिथे फसवलं असं वाटायला नको, सरकारी दरच तसा आहे.

बूट असे घालायला सांग की पटकन काढता येतील, रंगवलेल्या लेण्यांत बूट बाहेर काढावे लागतात आणि दगड डिसेंबरमधे सकाळी गार असतो, जाड मोजे लागतील. आणि एक माझं मनापासूनचं सांगणं, एक नंबरच्या लेण्यात शिरलात की लगेच पुढे सरकू नका. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, लोक अर्ध्या मिनिटात अंधार आहे म्हणून बाहेर पडतात. दोनतीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग हळूहळू डावीकडून भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व पुढे येतो, आधी मुकुट, मग खाली झुकलेले डोळे, मग हातातलं निळं कमळ. मी शंभरच्या वर वेळा बघितलंय आणि अजूनही तिथे बोलावंसं वाटत नाही. फ्लॅश अजिबात मारायचा नाही. शेवटी २६ नंबरला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, तिथपर्यंत दम राखून ठेवा, बरेच लोक सतराव्या लेण्यातूनच मागे फिरतात.

वेरूळ जवळ आहे, तीसेक किलोमीटर, ते आरामात होतं. एकूण ३४ लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. कैलास म्हणजे १६ नंबर, त्याला पूर्ण दोन तास द्या, मग १० नंबर आणि शेवटची जैन लेणी. शेजारी घृष्णेश्वराला जाणार असाल तर गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं हे सासऱ्यांना आधी सांग, नसेल जमत तर बाहेरून दर्शन घ्या, कोणी काही म्हणत नाही.

आणि हो, फोटो. शाळेच्या सहली असतात डिसेंबरमधे, पोरं गोऱ्या पाहुण्यांभोवती सेल्फीला गोळा होतात. पोरं गोड असतात पण पन्नासावा सेल्फी झाला की माणूस थकतो. त्यांना हसून "नको" म्हणायला शिकवून आण, एवढा एक शब्द पुरतो.

दादर_पूर्व:
वरच्या दादांनी वार पकडले ते फार बरं झालं. मी मुंबईचं सांगते. रात्री एकला फ्लाइट म्हणजे इमिग्रेशन आणि बॅगा होऊन बाहेर पडेपर्यंत अडीच. नऊ तासांच्या प्रवासानंतर लगेच पुण्याला गाडीत बसवू नकोस ग, ड्रायव्हर पण झोपेत असतो त्या वेळेला आणि घाटात पहाटे ट्रकच्या रांगा. अंधेरीला एअरपोर्टजवळ हॉटेल घे, झोपू देत त्यांना दहापर्यंत, नाश्ता करून निघा. एक रात्रीचं भाडं जाईल पण पुढचे दोन दिवस वाचतील.

व्हिसा सरकारी साइटवरूनच काढायचा, जिचा पत्ता गव्ह डॉट इन ने संपतो. सर्च केलं की तश्शाच दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि दुप्पट तिप्पट पैसे घेतात, माझ्या मावसबहिणीच्या पाहुण्यांचं झालंय असं. आणि ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना येण्याच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड पण भरायचं असतं, ते तूच भरून टाक.

मुंबईत फिरताना आता मेट्रो ३ झालीये, एअरपोर्टपासून सीएसएमटी, चर्चगेट, कफ परेडपर्यंत जमिनीखालून एसीत, म्हाताऱ्या माणसांना खूप सोयीची. लोकल दाखवायचीच असेल (आणि दाखव, मला वाटतं मुंबई कळायला ती लागतेच) तर दुपारी बारा ते तीनमधे फर्स्ट क्लासने चर्चगेटहून दादरपर्यंत आण, गर्दीच्या उलट दिशेचं वगैरे गणित नको, दुपारच ठेव. घारापुरी पण सोमवारी बंद असते बरं का, आणि तिथेही बऱ्याच पायऱ्या आहेत, अजिंठा वेरूळ झाल्यावर गुडघ्यासाठी घारापुरी मी सोडून देईन.

पैशांचं म्हणशील तर सगळीकडे यूपीआय झालंय, कोथिंबिरीच्या जुडीला पण स्कॅन करतात, कार्ड मात्र छोट्या ठिकाणी चालत नाही. तुझं एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं रुपयांचं खातं) आणि इथला नंबर चालू असेल तर तूच यूपीआय कर आणि हिशोब नंतर घरी. त्यांच्या खिशात दहा, वीस, पन्नासच्या नोटा दे, नारळपाणी स्वतः विकत घेण्याची मजा त्यांना मिळू दे.

माडाखालचा:
मी मालवणजवळ होमस्टे चालवतो, चार खोल्या. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे फॉर्म सी. परदेशी पाहुणा राहिला की घरमालकाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, पासपोर्ट, व्हिसा सगळं. खूप लहान लॉज आणि होमस्टेवाल्यांनी त्यासाठी रजिस्ट्रेशनच केलेलं नसतं. ऑनलाइन बुकिंग होतं, पैसे जातात, आणि दारात पोचल्यावर पासपोर्ट बघून सांगतात की फॉरेनर घेत नाही. मागच्या जानेवारीत रात्री साडेनऊला एक फ्रेंच जोडपं बॅगा घेऊन माझ्या अंगणात उभं राहिलं, त्यांचं दुसरीकडे असंच झालेलं. त्या बाई रडायच्या बेताला आल्या होत्या. पाच मिनिटांचा फॉर्म आहे हो. तर बुकिंगच्या आधी फोन करून विचारायचं, परदेशी पासपोर्ट आहे, फॉर्म सी भरता ना? नुसतं "या की" म्हणाले तर परत विचारायचं. आणि तुमच्या आईच्या घरी राहणार आहेत तिथेही हा फॉर्म लागतो, तो आईच्या नावाने तुम्ही आधीच बघून ठेवा.

दुसरं, पुण्याहून मालवण गाडीने करू नका. साडेतीनशेच्या वर किलोमीटर, आठ तास, वर घाट. संभाजीनगरहून ट्रेनने मुंबईला या, दोन दिवस मुंबई करा, आणि मुंबईहून पहाटेची वंदे भारत घ्या, अकराच्या सुमारास कणकवलीला उतरवते, तिथून मालवण गाडीने तासभर. आठवड्यात एक दिवस नसते, वार बघून घ्या. रिझर्वेशन ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, डिसेंबरच्या तारखा पटापट जातात, घड्याळ लावून बसा. आणि नाताळाच्या आठवड्यात पोचणार नाही एवढं बघा, तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी दुप्पट होतात. तुमचा पहिला पंधरवडा एकदम छान आहे.

गोवा काढून टाका असं मी म्हणेन. दोन दिवसात बॅगा उघडायच्या आणि भरायच्या एवढंच होतं. समुद्र इथेही तोच आसा.

नेकरकाठची:
बापरे, वारांचं वाचून पोटात गोळाच आला. सगळ्यांचे खूप खूप आभार. नवऱ्याबरोबर बसून सगळं परत मांडलं, पहिली रात्र अंधेरी, मग मंगळवार दुपारपर्यंत पुणे, बुध-गुरु लेणी, शुक्रवारी मुंबई, सोमवारी पहाटे कोकण. गोवा काढलं. आता दोन प्रश्न उरलेत. एक म्हणजे जेवण, ते तिखट खात नाहीत आणि पोट बिघडायची त्यांना फार भीती आहे. आणि दुसरं, सिंधुदुर्ग किल्ला सासऱ्यांना झेपेल का? युनेस्कोच्या यादीत आला तेव्हापासून ते त्याचे फोटो काढून ठेवतायत.

दादर_पूर्व:
जेवणाचं आधी आईला सांग हं. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय जेवण होत नाही आणि जर्मन माणूस ताटात वाढलेलं टाकत नाही, मग तो बिचारा चार पुरणपोळ्या खातो आणि रात्री आजारी पडतो. पहिले तीन दिवस वरणभात, तूप, भाकरी, शिजवलेल्या भाज्या, दही घरचंच. बाहेर बर्फ नको, कच्ची कोशिंबीर नको, पाणीपुरी शेवटच्या दिवशी घरी करून द्या. पाण्याची बाटली घेतली की झाकणाचं सील स्वतः तोडायचं. इलेक्ट्रॉलची पाकिटं प्रत्येक बॅगेत दोन. दात घासायला पण बाटलीचंच पाणी, हे लोक विसरतात.

माडाखालचा:
मालवणी जेवण तिखट असलं तरी माझी बायको पाहुण्यांसाठी वेगळं करते. घावणे आणि नारळाचा गोड रस, सुरमई नुसती हळद-मीठ लावून तळलेली, सोलकढी मिरची न घालता. आमच्याकडे आतापर्यंत कोणी उपाशी उठलं नाही.

किल्ल्याचं सांगतो. मालवणच्या जेटीवरून होडी, पंधरावीस मिनिटं. गुडघ्याला त्रास होडीत चढताना आणि किल्ल्याकडे उतरताना, तिथे होडी हलते आणि एक पाऊल उंच टाकावं लागतं. होडीवाल्याला आधी सांगायचं, दोन पोरं हात धरून उतरवतात, त्यांना सवय आहे. सकाळी नऊच्या आधी जा, वारा कमी असतो आणि पाणी शांत असतं. होडीवाले साधारण तासाभराने परत न्यायला येतात, तुम्ही जास्त वेळ ठरवून घ्या. आत वाट बरीचशी सपाट आहे, शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सासरे आरामात येतील, दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत त्या नक्की दाखवा, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे पिण्याचं पाणी. तटावर चढायच्या पायऱ्या उंच आणि कठडा नसलेल्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका, मी त्यांच्याबरोबर खाली थांबेन. तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, भरती-ओहोटी बघून वेळ सांगतो.