मदत हवी आहे : शाहूपुरीच्या पूरनकाशासाठी जमिनीची खरी उंची कशी काढावी?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीच्या परिसरासाठी पावसाळी निचऱ्याचा आराखडा करतोय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ आहे. पण पाणी कुठल्या बोळात आधी शिरतं, ते नकाशावर दाखवायचंय. ऐन हंगामात गणपतीच्या मूर्ती वर हलवायच्या असतात, तिथं चुकीचा नकाशा देणं मला पटत नाही.

नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि पुराचं पाणी कसं पसरेल ते दाखवणारं हेक-रास, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. अडचण उंचीच्या डेटाची आहे. उपग्रहांवरून केलेल्या कोपर्निकसच्या, 30 मीटरच्या चौकोनांच्या उंची-डेटात छपरं आणि झाडंही उंचीत धरली जातात, त्यामुळे दाट वस्तीत पाणी भलतीकडंच वळतं. त्याच्याच सुधारित आवृत्तीत, म्हणजे फॅबडेममध्ये, मशीन लर्निंगनं घरं-झाडं वजा केलीत, पण चौकोन तेवढाच मोठा. त्यात आपली गल्ली कुठली दिसायला!

ड्रोनच्या पॉइंट क्लाउडमधून (मोजलेल्या असंख्य त्रिमितीय बिंदूंच्या संचातून) एआयनं जमिनीचे बिंदू कुणी वेगळे केलेत का? पत्र्यांखालच्या बोळात ते कितपत जमतं? शिवाय 2019 किंवा 2021 च्या पुराची खूण कुणाच्या गल्लीत भिंतीवर असेल, तर रस्त्यापासून तिची उंची कृपया कळवा. मॉडेल त्यावरच ताडून बघणार आहे.