चिमणीच्या धुरावर उसाचा रस तापवायचाय, उष्णतेचा हिशोब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणातला धूर चिमणीत शिरतो तेव्हा 450 अंशांच्या आसपास असतो. एवढी उष्णता वर सोडून द्यायला जीव होत नाही. पुढच्या आधणाचा रस काहिलीत सोडण्याआधी त्या धुरावर 70 अंशांपर्यंत तापवावा असा विचार आहे. टाकी करायला टाकण्याआधी जाणत्यांनी आकडे बघावेत.

एका आधणाला 1000 किलो रस, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखर वगैरे घन पदार्थांचं शेकडा प्रमाण) 18. विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो रस एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, 3.7 किलोजूल धरली (पाण्याची 4.18, साखरेमुळे रसाची कमी). 30 वरून 100 अंशांवर न्यायला

1000 × 3.7 × 70 = 2,59,000 किलोजूल, म्हणजे 259 मेगाजूल.

त्यातले 70 अंशांपर्यंतचे 148. पुढे आटवताना साधारण 800 किलो पाणी उडतं. अप्रकट उष्मा (उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता) किलोला 2257 किलोजूल धरला की 1806 मेगाजूल झाले. चिपाड खरं जळतं ते इथे! एकूण 2065.

चिपाड जातं 400 किलो. वाळल्या चिपाडाचे किलोला 15 मेगाजूल धरले तर 6000. म्हणजे रसाला लागते फक्त 34 टक्के.

आता अडलंय ते असं. 148 मेगाजूल वाचले तर चिपाड 148 ÷ 15, म्हणजे 10 किलो वाचेल, की 34 टक्के लावून 29 किलो? शिवाय रस घट्ट होईल तशी उष्माधारकता उतरते, मग 3.7 चालेल का? गूळ वाफ्यात (निववायच्या पसरट हौदात) ओततात तेव्हा पाक 118 अंशांवर असतो.

---

उत्तर: 29 किलो धरा दादा. ते 148 मेगाजूल एरवी चुलवाणातूनच रसाला मिळाले असते, तेही 34 टक्क्यांच्या हिशोबाने. उकळी फुटेपर्यंत ब्रिक्स फारसा बदलत नाही, तेव्हा 3.7 बरोबर आहे. शेवटच्या 18 अंशांना (100 ते 118) उरलेल्या पाकाची उष्माधारकता 2.4 धरली तर 200 किलो × 2.4 × 18, जेमतेम 9 मेगाजूल. सोडून द्या.

एक मात्र सांभाळा. गरम रस टाकीत ताटकळत ठेवू नका. रस आंबूस असतो, उष्णतेने त्यातली साखर फुटते आणि गूळ चिकट होतो, ढेप धरत नाही. आधीची काहील उतरायच्या बेतात आली की मगच टाकी भरा.